राहून गेलेलं बोलावणं

दार उघडणाऱ्या बाईनं उल्काकडे पाहिलं, तिच्यामागे आणखी कुणी उभं आहे का तेही पाहिलं, आणि मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की शिक्षिका मिळाली, माफ करा.

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला होता. कोरियाहून नुकत्याच आलेल्या एका मुलीला इंग्रजी शिकवायला कुणी हवं होतं. उल्कानं लगेच होकार कळवला, दिवस ठरला, वेळ ठरली. आदल्या दिवशीपर्यंत शिक्षिका मिळालेली नव्हती. उल्का हे नाव कुठलंही असू शकतं. चेहरा मात्र दारातच कळतो.

तिला धक्का बसला नाही, कारण हा दरवाजा तिच्या ओळखीचा होता. नवऱ्याच्या, ज्ञानेशच्या नोकरीपायी ती दोघं चार वर्षं कोरियात, सुवॉन शहरात राहिली होती. तो चिपच्या कंपनीत जायचा आणि नागपूरहून इंग्रजीत एम.ए. केलेली उल्का शिकवणीवर्गांना अर्ज करत बसायची. प्रत्येक ठिकाणी आधी फोटो मागायचे. फोटो गेला की पुढं काहीच यायचं नाही. अखेर एकानं काम दिलं, पण फोनवरून शिकवायचं. नाव जेनी सांगायचं, गाव टोरांटो. दीड वर्ष ती जेनी झाली होती. मुलं विचारायची, टोरांटोत बर्फ किती पडतो? ती सांगायची, खूप.

पण त्याच सुवॉनमध्ये, रेवा झाली तेव्हा, वरच्या मजल्यावरच्या आजी रोज समुद्री शेवाळाचं सूप घेऊन यायच्या. बाळंतिणीनं ते प्यावंच लागतं म्हणायच्या, आणि संपेपर्यंत समोर बसून राहायच्या. जाताना बाळाच्या गालावरून बोट फिरवून म्हणायच्या, उन्हात नेऊ नकोस हो, आधीच सावळी आहे. फोनवर नागपूरची आईही तेच सांगायची, वर डाळीचं पीठ लावायला सांगायची.

त्यामुळे दारातल्या बाईला उल्का तिच्याच भाषेत म्हणाली, "एवढ्या वाऱ्यात चालत आलेय. शिकवणी राहू द्या, निदान गरम पाणी तरी द्याल?"

बाईनं तोंडावर हात घेतला. कमरेतून वाकली, पुन्हा वाकली, आणि उल्काचा कोट धरून तिला जवळजवळ ओढतच आत घेतलं.

तिचं नाव युनही. नवरा सोलला बँकेत, आणि ती लेकीला घेऊन इथं, डब्लिनजवळच्या चेरीवूडमध्ये. मुलीचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून आईनं परदेशात राहायचं आणि बापानं तिकडे एकट्यानं कमावायचं, असं कोरियातली पुष्कळ घरं करतात. मुलगी सोआ, आठ वर्षांची, रेवाच्याच वर्गात. तीन महिन्यांत तिचं इंग्रजी आईच्या हाताबाहेर गेलं होतं. युनहीचं मात्र दुकानातल्या 'थँक यू'पुढे सरकलं नव्हतं. तिच्याशी दिवसभरात कुणी बोलत नव्हतं. चहा ओतता ओतता तिनं आधी उल्काचं वय विचारलं. दोन वर्षांनी आपण मोठ्या निघालो हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आता नातं ठरलं होतं. उल्कानं तिला ओन्नी म्हणायचं, म्हणजे ताई, आणि तिनं उल्काला खुशाल अगंतुगं करायचं.

सोआची शिकवणी दोन आठवड्यांत बंद पडली, कारण तिला गरजच नव्हती. उल्का येत राहिली. दोघी मुलींना शाळेत सोडून समुद्राकाठी डून लेरीला जायच्या, बंदराच्या धक्क्यावर चालायच्या. युनही बोलत सुटायची. नवऱ्याचा फोन हल्ली रविवारीच येतो. सासू म्हणते, माझ्या पोराला एकटं टाकून मजा मारतेस. मग मधेच उल्काच्या हाताकडे बघून म्हणायची, "तू हातमोजे घालत जा. अजून काळी पडशील." एकदा अगदी मायेनं म्हणाली, "तू बाकीच्या भारतीयांसारखी नाहीस हं. तू स्वच्छ आहेस."

उल्का हसली. त्या रात्री ज्ञानेशला तिनं हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग जातेस कशाला?"

"तिला माझ्याशिवाय कोण आहे?" उल्का म्हणाली. ते खरंही होतं. पण आपल्याला त्या भाषेत बोलायला बरं वाटतं, आणि कुणीतरी आपली वाट पाहतं तेही बरं वाटतं, हे तिनं सांगितलं नाही.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू या वर्षी उल्काकडे होतं. आजूबाजूच्या मराठी बायकांचं ते ठरलेलं होतं, आळीपाळीनं एकेकीकडे. क्षितिजा वाणाच्या वाट्या बांधायला आली होती. पुण्याची, हुशार, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारी. उल्काला पहिल्या वर्षी घर शोधून देणारीही तीच. गाठ मारता मारता ती म्हणाली, "उल्का, तुझी ती चायनीज मैत्रीण येणारे का गं?"

"कोरियन आहे ती."

"तेच ते. नाही, आपलं विचारलं. माझ्या सासूबाई आल्यात ना सध्या. त्यांचं तुला माहितीये. आणि ते लोक काय काय खातात... मला काही नाही बाई, पण एकाच ताटातून तिळगूळ उचलायचा म्हटलं की..."

"छे, तिला कशाला बोलावू?" उल्का म्हणाली. "तिला कळणारही नाही काही."

हे इतक्या पटकन तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. खरं तर युनहीला बोलवायचं तिच्या मनात होतं. तिच्यासाठी वाटीसुद्धा घेतली होती. ती तिनं खालच्या कपाटात, पिठाच्या डब्यामागे सरकवून ठेवली.

दोन दिवसांनी शाळेच्या फाटकाशी युनहीनं विचारलं, "शनिवारी येऊ का तुझ्याकडे? सोआ म्हणते, रेवा साडी नेसणार आहे. मला बघायचंय. फोटो काढू."

"शनिवारी? शनिवारी आम्ही पोर्टलीशला जातोय, ओन्नी. ज्ञानेशचा मित्र आहे तिथं, डॉक्टर. सोमवारी भेटू ना."

"बरं," युनही म्हणाली. "जपून जा. रस्ते घसरडे झालेत."

शनिवारी चारलाच अंधारून आलं. बाहेर बारीक पाऊस, आत दिवे, अत्तराचा वास, बायकांचा गलका. ज्ञानेश त्याच्या लॅपटॉपसकट वरच्या खोलीत. रेवा साडीत पाय अडकून दोनदा पडली होती. क्षितिजाच्या सासूबाई उखाण्याचा आग्रह करत होत्या आणि उल्का गुलाबदाणी शोधत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. युनहीचं नाव. तिनं वाजू दिला. तो पुन्हा वाजला. पुन्हा.

चौथ्या वेळी तिनं स्वयंपाकघरात जाऊन उचलला, तर पलीकडून एक म्हातारा आयरिश आवाज. ही फोनवाली बाई ट्रामच्या थांब्यावर पडली आहे, पोरांनी ढकललं, हिला इंग्रजी येत नाही, तुझा नंबर दाबून दाखवतेय, येशील का लवकर?

उल्कानं साडीवरच कोट चढवला. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर एक डबा होता, फिक्या जांभळ्या कापडात गाठ मारून बांधलेला. पावसानं कापड भिजलं होतं. ते सोडून बघायची गरज नव्हती. सणाला दुसऱ्याच्या घरी जाताना कोरियात अशीच फळं नेतात, मोठाली, सोनेरी, गोल नासपती. घरात कुणी नसणार, परतल्यावर मिळेल, असं धरूनच युनही तो ठेवायला आली असणार. दाराशेजारच्या खिडकीचा पडदा उघडा होता. आतला सगळा थाट तिथून लख्ख दिसत होता.

उल्का धावतच निघाली. थांब्यावर युनही बाकाला टेकून जमिनीवर बसली होती, डावा हात उजव्या हातात धरून. केसांत अंड्याचं कवच. सोआ तिला बिलगून रडत होती. एक सत्तरीची बाई त्या दोघींवर छत्री धरून उभी होती. तिनंच रुग्णवाहिका बोलावली होती, आपला मफलर युनहीच्या गळ्यात घातला होता.

"कार्टी मेली," ती उल्काला म्हणाली. "गो बॅक टू चायना म्हणत होती. मी ओरडले तेव्हा पळाली. तुम्ही लोक एकमेकींना धरून असता, छान आहे ते. आमच्यात राहिलं नाही." मग उल्काच्या खांद्यावर थोपटत, आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण तुम्हीही आता फारच झालात ना गं इथं. पोरांची डोकी फिरतात."

उल्कानं तिचे आभार मानले.

हॉस्पिटलमध्ये बऱ्याच वेळानं डॉक्टर आला. सुदानचा, थकलेला, मृदू बोलणारा. मनगट मोडलं होतं. तो विचारायचा, उल्का कोरियनमध्ये सांगायची, युनहीचं उत्तर इंग्रजीत करायची. कुठं दुखतं, कसं पडलात, डोक्याला लागलं का.

"एवढ्या पावसात लहान मुलीला घेऊन कुठं गेला होता?" त्यानं विचारलं.

उल्कानं प्रश्न सांगितला. युनहीनं तिच्याकडे बघितलं. कोटाखालून साडीचे जरीचे काठ दिसत होते, कपाळावर हळदीकुंकू होतं.

"फिरायला," युनही म्हणाली. "घरात कंटाळा आला होता, म्हणून सहज फिरायला गेले होते."

"शी वेंट फॉर अ वॉक," उल्कानं डॉक्टरला सांगितलं.

मग नवऱ्याला फोन लावला. सोलमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. युनहीला रडू आवरेना, तेव्हा उल्कानं फोन घेतला आणि नीट, सविस्तर सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अंधारात बाहेर पडायचं कारण काय होतं तिला?" आणि मग, "तुम्ही कोण? कोरियन चांगलं बोलता, पण हेल वेगळा आहे. चीनकडच्या कोरियन का?" तिकडून कामाला येणाऱ्यांविषयी कोरियात कसं बोलतात ते उल्कानं ऐकलेलं होतं. त्याच्या आवाजात ते होतं.

"नाही. मी भारतीय आहे."

मग अत्यंत सभ्यपणे तो म्हणाला, "तसदीबद्दल आभारी आहे. तिथं कुणी आयरिश माणूस असेल का? मला जरा व्यवस्थित समजून घ्यायचंय."

उल्कानं आजूबाजूला पाहिलं. प्लास्टर भिजवत असलेली नर्स कोट्टयमची होती. उल्कानं फोन सुदानच्या डॉक्टरच्या हातात दिला.

युनहीला रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं, म्हणून सोआला उल्का आपल्या घरी घेऊन आली. बायका गेल्या होत्या. क्षितिजा एकटी मागे राहून भांडी घासत होती. सगळं ऐकून तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. सोआला तिनं जवळ घेतलं, भात कालवून भरवला. पोरगी झोपल्यावर उल्का म्हणाली, "ती इथं आली होती गं. दारापर्यंत."

"मग आत घ्यायचंस ना!"

"मी तिला बोलावलंच नव्हतं. तू म्हणालीस..."

"मी?" क्षितिजाचे साबणाचे हात तसेच थांबले. "मी कधी नको म्हटलं? मी नुसतं विचारलं होतं, उल्का."

क्षितिजा खोटं बोलत नव्हती.

युनहीचा नवरा आठवड्यानं आला आणि फेब्रुवारी संपायच्या आत त्यानं सगळं आवरलं. शेवटच्या दिवशी उल्का मदतीला गेली. युनही उशा बांधत होती, एका हातानं. ती रागावलेली दिसत नव्हती. नवऱ्याला तिनं ओळख करून दिली, रेवाची आई, फार उपकार आहेत यांचे. यांचे. उल्काशी ती आता तसंच बोलत होती, शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं, वाक्याला वाक्य जोडून, वाकून. उल्कानं दोनदा ओन्नी अशी हाक मारली. दोन्ही वेळा तिनं "बोला ना," म्हटलं.

सामान नेऊन झाल्यावर ओट्यावर भाताचा मोठा कुकर उरला. तो तिनं उल्कापुढे सरकवला.

"हा तुम्ही ठेवा. विमानात न्यायला जड आहे."

"कशाला, ओन्नी?"

"यात फक्त भात शिजवलाय," युनही म्हणाली. "मांस कधीच नाही. तुमच्याकडच्या माणसांना सांगू शकता."

उल्काला तिथंच खाली बसून रडावंसं वाटलं. माफी मागायची म्हणून ती तोंड उघडणार, तोच नवरा आत आला. टॅक्सी आली होती.

मार्च गेला, एप्रिल गेला. उल्कानं दोन मेसेज पाठवले. ते वाचल्याचं दिसलं, उत्तर आलं नाही. ज्ञानेश म्हणाला, वेळ दे. तिला ठाऊक होतं की वेळ देऊन होण्यातलं हे नाही. धक्क्यावर फिरायला जाणं तिनं सोडलं. शाळेच्या फाटकाशी ती आता उशिरानं पोचायची, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नसे.

मुलींचं मात्र तुटलं नव्हतं. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी रेवा टॅबलेटवर सोआशी गप्पा मारत होती. सोआ तिकडच्या नव्या शाळेबद्दल सांगत होती, अजून अस्सल डब्लिनच्या हेलात. तिकडच्या मुली त्या हेलाला हसतात म्हणे. अमेरिकन इंग्रजी बोल म्हणतात. उल्का आत कणीक मळत होती.

तेवढ्यात टॅबलेटमधून मागून कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं?"

उल्का परात सोडून दाराशी आली.

"रेवा," सोआनं कोरियनमध्ये सांगितलं.

"जेवली का ती? तिकडे किती वाजले?" मग हळूच, "तिची आई आहे का तिथं?"

सोआनं रेवाला इंग्रजीत विचारलं. "शी इज इन द किचन," रेवा म्हणाली. "विल आय गेट हर?"

सोआनं आईला विचारलं, बोलवू का.

उल्का दाराच्या आतल्या बाजूला उभी होती, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. दोन पावलं टाकली असती तर दिसली असती. हात कोपरापर्यंत पिठाचे.

"नको," युनही म्हणाली. "कामात असतील त्या."

"शी सेज नो, इट्स ग्रँड," सोआनं इथल्या 'राहू दे'च्या अर्थानं रेवाला सांगितलं, आणि दोघी पुन्हा आपल्या बोलण्याला लागल्या.

उल्का परातीकडे वळली. कणीक सैल झाली होती. तिनं आणखी पीठ घेतलं.