कुलपाचा शब्द

अहो, ऐकलंत का? जरा पुढे सरकून बसा. मुलुंडच्या एका कॉलेजातली, सत्त्याऐंशी सालची गोष्ट आहे. छोटीच आहे, पण मन लावून ऐका.

चंद्रप्रकाश सरांनी परीक्षा विभागातल्या कारकून सुगंधाबाईंच्या खुर्चीत बसून, इंग्रजी अक्षरं शोधत शोधत एका बोटाने ‘बळवंत’ टाइप केलं. हिरव्या पडद्यावरची खिचडी तशीच राहिली. नुसते कंस, फुल्या, अर्थ नसलेली अक्षरं.

तिथे कॉम्प्युटर येऊन चार महिने झाले होते. आदल्या वर्षी रजिस्टरात कुणीतरी तिनाचा आठ केला, तेव्हापासून गणिताच्या विद्याधर सरांना चैन नव्हतं. त्यांनी असा प्रोग्रॅम लिहिला, की सहाशे मुलांचे मार्क उलटेपालटे होऊन बसत आणि ठरलेला शब्द दिला तरच सुलटे होत. तो शब्द एकट्या सुगंधाबाईंचा. “मलासुद्धा सांगू नका,” असं विद्याधर सरांनीच बजावलं होतं.

चंद्रप्रकाश सर संस्थेचे चिटणीस. त्यांचा भाचा दोन विषयांत गेला होता आणि निकाल सोमवारी होता.

“बळवंत नाही? मस्टरवर नवऱ्याचं तेच नाव आहे ना?”

“ते नाव उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नाही, सर. बोटाने कसं घेऊ?”

“मग विठ्ठल असणार. तुम्ही पडलात कीर्तनवाल्या.”

“ते नाव सगळ्यांना वाटायचं असतं. त्याचं कुलूप करतात होय?”

दाराशी उभ्या विद्याधर सरांना खोकल्याची उबळ आली.

चिटणिसांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला. संस्थेच्या दहिसर नाक्याजवळच्या शाळेत बदली, सोमवारपासून. “सही तेवढी राहिलीय. शब्द सांगा, कागद फाडून टाकतो.”

बाई जवळच, नाहूरला राहत. दहिसरहून घर गाठेपर्यंत देवळातलं कीर्तन संपून आरतीचं ताटही फिरून गेलेलं असणार. यजमान गेल्यापासून तीन वर्षं त्या कीर्तनानेच त्यांना सावरून धरलं होतं. त्यांनी कागद सावकाश वाचला. पत्त्यात ‘नाहुर’ पडलं होतं. पेन्सिल घेऊन त्यांनी उकार दीर्घ केला आणि कागद परत दिला.

“करा सही.”

“एका शब्दापायी स्वतःची वाट लावून घेताय, बाई.”

“सहाशे पोरांनी विश्वासाने ठेवायला दिलाय, सर.”

चिटणीस खुर्ची ढकलून निघून गेले.

“मी प्राचार्यांशी बोलतो,” विद्याधर सर म्हणाले.

“मागाहून बोला. आधी निकाल छापून त्यांच्या हातात देऊ. सोमवारी मी इथे नसेन.”

विद्याधर सर नेहमीप्रमाणे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाई बसल्या, पदर नीट केला.

बळवंतरावांची तीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात गेली. तिथल्या मागांच्या खडखडाटाने कान गेले. जेवायला वाढलं की बाई स्वयंपाकघरातून हाक मारत. एकदा, दोनदा, तीनदा. मग उठून खांद्याला हात लावत. “हां, हां, ऐकलं की,” म्हणून ते हसत.

बाईंची बोटं एकेक कळ दाबत होती. ओठही हलत होते.

“अहो...”

“काय, बाई?” विद्याधर सरांनी न वळताच विचारलं.

“तुम्हाला नाही हो.”

शेवटची कळ दाबली आणि पडद्यावरचे मार्क सरळ रांगेत उभे राहिले. पहिल्याच हाकेला. मग प्रिंटर करकरू लागला.

निकाल सोमवारी लागला. भाचा नापास तो नापासच. बाई त्या दिवशी दहिसरला हजर झाल्या.

आता उठण्याआधी एवढं करा. बळवंत घाडी नावाच्या एका बहिऱ्या साचेवाल्याची आठवण ठेवा.