कोशबुवांच्या नावावरची लाल रेघ

मी एक जुनी लाल पेन्सिल आहे, आता जेमतेम अंगठ्याएवढी उरलेली. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. सांगतानाही मला शिसारी येते.

कारखान्यात लाकडाच्या खाचेत माझी लाल कांडी बसवली, वरून रंगाचे हात दिले. मग मी एका छापखान्यात आले, मुद्रितं तपासणाऱ्या बाईंच्या हाती. त्या मला अंबाड्यात खोचत. काना चुकला, मात्रा राहिली, की मला उपसत. "हिच्या तावडीतून काही सुटायचं नाही," असं तिथला खिळे जुळवणारा जुळारी म्हणायचा. मी फुगून जायची.

तिथे ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या नव्या कराराचं नवं भाषांतर छापायचं होतं. बारा भाषांतरकार, एक लांब टेबल आणि वीस वर्षांचं काम. त्यांतले कोशबुवा सगळ्यांत वडील. ग्रीक शब्द अडला की सगळे त्यांच्याकडे बघत. शेवटच्या दोन वर्षांत मात्र त्यांना काही आठवेनासं झालं आणि ते घरी बसले. सुनेला रोज एकच विचारत, "पुस्तक आलं का गं?"

शेवटच्या बैठकीआधी बाईंनी माझ्याकडून समासात एक शंका लिहून घेतली. मरणातून पुन्हा उठल्यावर प्रभूने आपल्या बारा शिष्यांना दर्शन दिलं, असं त्यातल्या एका पत्रात होतं. पण त्या बारांतला दगा देणारा यहूदा तर तोवर मेला होता. मग अकरा नको का?

बैठकीत अध्यक्षांनी, तेही भाषांतरकारांतलेच एक, कोशबुवांचंच जुनं टिपण काढलं आणि घसा खाकरून वाचलं. मूळ ग्रीक शब्द दोदेका, म्हणजे बारा. पण इथे तो डोकी मोजत नाही. ते त्या शिष्यमंडळाचं नावच झालं होतं. एक जण गेला, तोही दगा देऊन, तरी त्यांचं नाव 'बारा'च राहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर डोळे पुसले.

मग चहा झाला आणि भाषांतरकारांच्या नावांचं पान पुढे आलं.

"कोशबुवांचं काढा," अध्यक्ष म्हणाले. "दोन वर्षं फिरकलेत का ते इकडे?"

बाई चपापल्या. "अहो सर, आत्ताच तर त्यांचं टिपण वाचलंत!"

"ते शास्त्र झालं, बाई. हे नियमाचं आहे."

त्यांनी मला बाईंच्या हातातून ओढलं आणि त्या नावावर फर्रकन रेघ मारली. उरलेले दहा जण आपापल्या कपात बघत बसले. शी! ज्याच्या टिपणावर मघाशी डोळे ओले केले, त्याचं नाव खोडताना एकाच्याही तोंडून शब्द फुटू नये? मला त्या टेबलाची, त्या डोलणाऱ्या मानांची आणि माझ्या स्वतःच्या लाल रंगाची किळस आली. तेव्हापासून मला कोणी शाबासकी दिली तरी नकोशी वाटते.

पुस्तक छापून आल्यावर बाई एक प्रत घेऊन कोशबुवांकडे गेल्या. मी अंबाड्यात होते. म्हाताऱ्याने पुस्तक हुंगलं, छातीशी धरलं. मग नावांचं पान उघडून एकेका नावावर बोट ठेवलं. पुन्हा मोजलं.

"अकराच आहेत गं!" ते कासावीस झाले. "कोण राहिला? बिचाऱ्याला किती वाईट वाटेल!"

सून तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. बाईंनी मला उपसलं आणि पानाच्या तळाशी कोशबुवांचं नाव लिहिलं. कोशबुवांनी ते सावकाश वाचलं.

"हा होय," ते म्हणाले. "हा कोण ते आठवत नाही. पण बरं केलंत, लिहिलंत."

मित्रांनो, तुमच्या हाती माझ्यासारखी पेन्सिल आली, तर चुका खुशाल खोडा. पण ज्याच्याकडून शिकलात त्याच्या नावावर तिला नेऊ नका. तिलाही लाज असते.