मीठ तेवढं कमी पडलं

मुचानेताने राखेचं घमेलं ढिगावर उपडं करायला हात मागे नेला आणि तो तसाच राहिला. स्वयंपाकाच्या झोपडीमागे, जिथे ती रोज राख, सालं, झाडलोट टाकायची, तिथे भोपळ्याच्या वेलातून वर डोकं काढून लालभडक फुलं उभी होती. ताटलीएवढी मोठी, पाकळीवर पाकळी. पाऊस सुरू झाल्यापासून त्या दांड्या तिला दिसत होत्या, पण तण म्हणून तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. काल दिवसभर पाऊस कोसळत होता, ती इकडे फिरकलीच नव्हती. तेवढ्यात यांनी डाव साधला होता.

घमेलं खाली ठेवून ती वाकली. बोटांनी ओली राख बाजूला सारली. बुडाशी लाकडासारखा एक टणक बुडखा लागला, एका बाजूने सरळ कापलेला. तो काप तिने ओळखला. तिचीच सुरी होती ती.

ती तिथेच चिखलात बसली.

हिवाळा सरताना एलिफास कायमचा घरी आला होता. उभा जन्म चहाच्या मळ्यावर साहेबाच्या बंगल्याची बाग राखण्यात गेला. घरी यायचा तो महिनाअखेरीला, पाहुण्यासारखा. "लोकांच्या दारात फुलं आणि बायकोच्या दारात धूळ," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. तो हसायचा. त्या दिवशी त्याने ओलं पोतं झोपडीच्या दाराशी ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे आधी थोरल्या भावाला भेटायला गेला. तिने पोतं उघडलं. आत रताळ्यांसारखी कंदमुळं. नवरा पहिल्यांदाच कामावरून खायचं काही घेऊन आला, म्हणून ती हरखली. बुडखे कापून मागे फेकले, कंद धुतले, मोठं पातेलं चढवलं. तो परत आला तेव्हा वाफा निघत होत्या.

तो दारातच उभा राहिला. बराच वेळ पातेल्याकडे बघत होता. मग टोपी काढून बसला आणि ताटली पुढे केली.

"चव ना ढव," ती म्हणाली होती. "इतकी वर्षं मातीत हात घातलेत आणि घरी आणलंत काय, तर हे?"

"गोड आहेत गं," तो म्हणाला. "मीठ तेवढं कमी पडलं." आणि सगळी ताटली संपवली. पावसाआधीच्या उकाड्यात ताप आला आणि त्यातच तो वारला.

"वहिनी, चहा मिळेल का, की राखेतच बसायचा बेत आहे?"

जाइरोस आला होता. तो या घराण्याचा साहविरा, म्हणजे पिढीजात सोबती. मयताच्या अंगणातसुद्धा थट्टा करायची मुभा असलेला एकटाच माणूस. मेलेल्याची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवायचं, हे त्याचं कामच. एलिफासचे कपडे वाटले तेव्हा टोपी त्याच्या वाट्याला आली, आणि ती तो झोपतानाही काढत नाही, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती.

मुचानेताने नुसतं बोट दाखवलं. जाइरोसने फुलं पाहिली आणि त्याचं तोंड मिटलं.

"तुम्हाला ठाऊक होतं, भावजी."

"डेलिया म्हणतात त्याला," तो हळूच म्हणाला. "बसमधून उतरल्यावर लावायच्या कंदांचं ते पोतं आम्ही दोघांनी मिळून आणलं. एलिफास वाटभर बडबडत होता. दारापासून विहिरीपर्यंत लाल रांग लावतो म्हणाला. आता बायकोला बोलायला जागाच ठेवत नाही, बघ."

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"मी विचारलं ना त्याला. म्हणाला, इतक्या हौसेने चूल पेटवली होती तिने. जाऊ दे, पुढच्या वर्षी आणू."

 मुचानेताला मयताचा दिवस आठवत होता. जाइरोस त्याच अंगणात एलिफासची टोपी घालून बसला होता, हातात रिकामी ताटली. डोळे वटारून घास चावत होता, गिळताना मान लांब करत होता, आणि प्रत्येक घासाला म्हणत होता, "गोड आहेत गं, गोड आहेत." माणसं हसून लोटपोट झाली होती. ती स्वतः कुशी दाबून हसली होती. आपल्या हातच्या स्वयंपाकाला हसतात, एवढंच तिला वाटलं होतं.

"माझी जीभ शिवशिवत होती, वहिनी," जाइरोस म्हणाला. "पण त्या दिवशी खरं सांगून तुम्हाला आणखी कुठे रडवू?"

ती उठली. लुगड्याला लागलेली राखही तिने झटकली नाही. झोपडीत जाऊन ताटली घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली.

"करून दाखवा."

"आता? इथे?"

"त्या दिवशी केलीत तश्शी."

जाइरोस खाली बसला. टोपी त्याने एलिफाससारखी कपाळावर ओढली, खांदे पाडले, ताटली मांडीवर घेतली. घास उचलला, चावला, मान लांब करून गिळला. नक्कल हुबेहूब होती. बोटं पुसायची ती लकबसुद्धा.

"गोड आहेत गं," तो म्हणाला. "मीठ तेवढं..."

मुचानेताने ताटलीवर हात आडवा धरला.

"खाऊ नका," ती म्हणाली. "अहो, आधी सांगा. पोत्यात काय आणलंत?"

जाइरोसचा हात तसाच अधांतरी राहिला. त्याने मान वर केली नाही. मग त्याने सावकाश टोपी काढली आणि ताटलीत ठेवली.

ती त्याच्यासमोर बसून राहिली, उत्तराची वाट बघत.