लाली

संघमित्राच्या तळहातांवर लाली आली, तेव्हा मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘माझं रक्त लागू पडलं!’ असा मी शहाणा.

माझी ही धाकटी बहीण सहा महिने पांढरीफटक पडली होती. रक्ताचा कॅन्सर. रायपूरच्या दवाखान्यात माझ्या हाडांच्या मगजातल्या, रक्त बनवणाऱ्या पेशी तिला चढवल्या, त्याला महिना झाला होता. आई आमच्या अख्ख्या कॅम्प वस्तीत सांगत फिरायची, “आमच्या राजदीपचं रक्त बोलून राहिलं पोरीच्या अंगात.” उतईची मावशी येऊन तिचे गाल बघून गेली. जामुलच्या सिमेंट कारखान्यात माझ्या शिफ्टला मी पेढे वाटले. अंगावर काहीही उठलं तर लगेच या, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. पण लालीला रोग कोण म्हणतो? पाच दिवस आम्ही आनंदात घालवले. सहाव्या दिवशी तिच्या तळपायांची आग व्हायला लागली आणि संडासातून रक्त पडलं.

डॉक्टरांनी आम्हा बहीणभावाला समोर बसवून हिंदीत समजावलं. अंगात पहारा देणारी एक पेशी सापडलेला तुकडा उचलून दुसरीला दाखवते. दुसरी ठरवते, हा आपला की परका. परका वाटला की ती एक रसायन सोडते. तीच तिची हाक. हाकेसरशी आणखी पांढऱ्या पेशी धावतात, त्याही हाका मारत सुटतात. संघमित्राच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी आता माझ्या होत्या. तिचं आतडं, तिची कातडी त्यांना परकी वाटली होती.

“पण आमचं तर सगळं जुळलं होतं!” मी हुज्जत घातली.

तपासात जुळलं तरी सख्ख्या भावंडांतही बारीकसारीक फरक राहतोच, डॉक्टर म्हणाले. हाका दाबायचं औषध सुरू करू. लवकर आला असतात तर बरं झालं असतं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

बाहेर आल्यावर संघमित्रा म्हणाली, “आईले नको सांगू. तिले वाटन, तूनंच मारलं मले.”

औषधानं आठवडाभर बरं वाटलं. मग संडासातून पुन्हा रक्त जायला लागलं, आणि कुठलंच औषध लागू पडेना. एका दुपारी तिनं मला खाटेजवळ बोलावलं. ओठ सोलून निघाले होते, तरी हसत होती.

“दादा, त्या पेशी तुह्या आहेत, घरच्या. डॉक्टरची हिंदी त्याईले कशी समजन? मराठीत सांगून पाह्य ना, मी कोण आहो ते.”

“पागल झाली काय?”

“सांग ना.”

मी तिच्या मनगटाशी तोंड नेलं. “ही माही बहीण आहे. हिले काही करू नका.” मला रडूच फुटलं.

“जोरात बोल,” ती म्हणाली. “ऐकून नाही राहिल्या.”

चार दिवसांनी ती गेली.

शेवटचा रिपोर्ट नंतर आला. आईनं तो माझ्यासमोर ठेवला आणि वाचायला लावला. रक्तात शंभर टक्के पेशी भावाच्या. कॅन्सर कुठेच सापडला नाही.

“मंग माही पोरगी कायनं गेली?”

“इन्फेक्शननं,” मी म्हटलं.

आई रिपोर्टची घडी घालून माझ्याजवळ सरकली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “तूनं तं आपलं रक्त देलं, बाबा. तू काहीच कमी नाही केलं.”