पंखाचा विडा

खिएमला उद्या कचेरीच्या अंगणात उभे करणार, पुढ्यात जमिनीवर क्रूस ठेवणार आणि त्यावरून चालून जायला सांगणार, ही बातमी आल्यापासून त्याच्या आईच्या, थोआबाईंच्या, घरात चूल पेटली नव्हती. पाय ठेवला, म्हणजे ख्रिस्ती धर्म सोडला, तर संध्याकाळी घरी; नाही ठेवला तर मान धडावेगळी. राजाचा हुकूम एवढाच होता, आणि तो समजायला कुणी पंडित लागत नव्हता.

थोआबाई पानांचा डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. काळ्या लाखेचा, त्यांच्या सासूच्या सासूचा डबा. घराच्या दुहेरी कुडाआड, भाताच्या कोठीमागे, लाम पाद्रीबाबा सारा पावसाळा लपलेले होते; त्यांचा ठावठिकाणा सांगितला नाही म्हणूनच खिएम तुरुंगात पडला होता. आज उजाडताच पाद्रीबाबांनी कुडाच्या फटीतून एक रेशमी चिंधी बाहेर सरकवली. तिच्यात पवित्र भाकर होती, प्रभूचे शरीर मानलेली. पातळ, पांढरी, नखाएवढी. मरणाला सामोरे जाणाऱ्याची शिदोरी. ती विड्यात दडवून तुरुंगात न्यायची, हे काम या मुलखात बायकाच करत आल्या होत्या.

सून मिएन दाराला टेकून पाहत होती. बाईंनी दोन कोवळी पाने निवडली, त्यांना चुना लावला नाही, चिंधी मध्ये ठेवली आणि पानांच्या कडा कातरून दोन्ही बाजूंना पंख उलगडले. लग्नात नवऱ्यामुलापुढे ठेवतात तो पंखाचा विडा.

"आई, हे काय? बाकीच्या विड्यांसारखा साधा बांधा ना! हा तर लांबून डोळ्यात भरतोय."

"प्रभूला मी शिपायाला चारायच्या साध्या विड्यात बसवू?"

"पकडल्या गेलात तर तुमच्याबरोबर कुडातले बाबाही जातील."

"मला शिकवू नकोस. या घरात विडे मी बांधते."

मिएन गप्प राहिली नाही. आज तिला कशाचाच धाक उरला नव्हता. "तुमचा मान मोठा आहे, आई. मुलगा मात्र एकच आहे." मग ती खाली बसली आणि तिने सासूचे पाय धरले. "त्याला सांगा, पाय ठेव म्हणावं. एक पाऊल. देव काय पायाकडे बघतो? मन बघतो ना? तो माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तुमचं आजवर कधी मोडलंय त्यानं?"

थोआबाईंनी पाय सोडवून घेतले. रात्रभर त्याच वाक्याची उलटसुलट जुळणी त्यांनी स्वतःच केली होती. गावाने त्यांना कधी घाबरलेले पाहिले नव्हते. आज डबा उचलताना झाकण खडखडले, आणि ते मिएनने ऐकले.

बांधावरून जाताना त्या डबा पोटाशी धरून चालल्या. ऊन चढत होते. पाने घामेजतील, रेशीम भिजेल, भाकर विरघळेल, या धास्तीने त्या झपझप पाय उचलत होत्या. शेतात वाकलेल्या बायका त्यांना पाहून मान फिरवत होत्या. ख्रिस्ती घराशी ओळख दाखवणे आता कुणालाच परवडत नव्हते.

तुरुंगाच्या दारात तोंग शिपाई उकिडवा बसला होता. भेटीला येणाऱ्याने आधी त्याच्यापुढे डबा उघडायचा, हा तिथला रिवाज होता.

"या, आजी! आज डबा उघडायला हात जड झाला का?"

"म्हातारीचे हात आहेत. तुझी आई माझ्या वयाची झाली की कळेल तुला."

"माझी आई मला असले विडे देत नाही हो." त्याने झाकण दूर सारले आणि त्याचे डोळे चमकले. "अरे वा! पंखाचा! कुणाचं लग्न काढलंत?"

त्याची बोटे साध्या विड्यांवरून सरकली आणि थेट त्या पंखांवर टेकली.

थोआबाई पाहत होत्या. ती बोटे, चुन्याने पांढरी पडलेली, पंख चिमटीत धरत होती. आता विडा त्याच्या तोंडात जाईल, दाताखाली रेशीम लागेल, तो थुंकेल. मिएनने सांगितले होते. साधा बांधा म्हणाली होती.

"ठेव तो खाली!" त्यांचा आवाज असा कडाडला की तोंगचा हात जागीच थबकला. "मरणाऱ्याचा विडा आहे तो. उद्या माझा मुलगा जाणार. त्याच्या नावानं बांधलाय. खायचा असेल तर खा, आणि उद्या जा त्याच्या सोबतीला."

तोंगने हात असा झटकला जणू पानांत इंगळी निघाली. "छे, छे! आधी सांगायचं ना, आजी! अभद्र कुठलं!" त्याने मांडीला बोटे पुसली, पुन्हा पुसली, आणि एक साधा विडा उचलून बाजूला झाला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे तो पाय ठेवणार नाही, हे ठरलंच म्हणायचं."

त्या आत गेल्या. बोळ अंधारा होता. विडा वाचला होता. पण आपण काय बोलून बसलो ते त्यांना आता ऐकू येत होते.

खिएमच्या मानेत पुढे-मागे लांब निघालेले लाकडी खोडे होते, त्यामुळे त्याला भिंतीला पाठही टेकता येत नव्हती. आईला पाहून तो हसला, आणि हसता हसता त्याचा ओठ वाकडा झाला.

"आई, मला भीती वाटते गं. रोज स्वप्नात मी पाय ठेवतो आणि घरी येतो. मिएन भात वाढते. जाग आली की स्वप्न मोडल्याचंच वाईट वाटतं." तो थांबला. "तूच सांग. तू म्हणशील तसं करीन."

"मिएनचा निरोप आहे. पाय ठेव म्हणते."

"आणि तू?"

बाहेर तोंग कुणाशी तरी मोठ्याने हसत होता. थोआबाई मुलासमोर खाली बसल्या.

"दारात मी तुला मरणारा म्हटलं. हा विडा वाचवायला म्हटलं. ते खरं करायचं की खोटं, ते तुझं तू बघ. जन्मभर मी तुला हुकूम केले, खिएम. हा एक मागू नकोस. पाय ठेव म्हणायची माझी छाती नाही, आणि ठेवू नकोस म्हणायचीही नाही." त्यांनी घोट्यावरचे वस्त्र किंचित वर घेतले. पाय लटपटत होते. "बघ. लाजू नकोस भ्यायला. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत प्रभूलासुद्धा घाम फुटला होता."

मग त्यांनी पंख उलगडले. रेशीम कोरडे होते. त्याचे हात खोड्यापलीकडे तोंडापर्यंत पोहोचत नव्हते. त्यांनी भाकर पानावरूनच, बोट न लावता, त्याच्या जिभेवर सरकवली. त्याने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी उन्हे कौलांवर आली तेव्हा कचेरीचे अंगण भरले होते. क्रूस धुळीत आडवा होता. खिएमला पुढे आणले. अंमलदाराने पाय ठेवतोस का विचारले, खिएमने नकाराची मान हलवली, तशी खोड्याची दोन टोके धरून दोघा शिपायांनी त्याला ओढत पुढे नेले. पाय नुसते टेकले तरी पुरे होते. टेकले की लिहून घेणार आणि सोडणार.

थोआबाईंनी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. पण आपण नेमके काय मागत आहोत, याचा त्यांना स्वतःलाच भरवसा नव्हता, आणि त्याचेच भय सर्वांत मोठे होते. मिएनची नखे त्यांच्या मनगटात रुतली.

"आई," मिएन म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी नव्हती. "डोळे उघडा. तुम्हाला बघायलाच हवं."

त्या घरात आजवर कुणी थोआबाईंना हुकूम केला नव्हता. त्यांनी डोळे उघडले.

खिएम खोड्याला लोंबकळत होता. त्याने गुडघे छातीशी आवळून घेतले होते, पुराच्या पाण्यातून कडेवर नेताना लेकरू घेते तसे. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तोंड वेडेवाकडे झाले होते. क्रुसाच्या वर, अधांतरी, त्याचे दोन्ही पाय थरथरत होते. थरथरत होते, आणि खाली येत नव्हते.