मच्छरदाणीतला वेल

प्रेमानंदांनी पिशवीतून दोन दोडके काढले, गच्चीवरच्या कुंडीतली चिमूटभर ओली माती त्यांना चोळली आणि ते जिना उतरले. इंदोऱ्याच्या बाजारातला माल आता अगदी घरचा दिसत होता.

महिनाभर हेच चाललं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या पत्नी मायाबाई पलंग सोडत नव्हत्या. डॉक्टरांनी जिना चढायला सांगितला, की त्या भिंतीकडे तोंड करत. चेहरा उजळे तो एकाच गोष्टीनं, गच्चीवर त्यांनीच लावलेल्या दोडक्याच्या वेलाच्या चौकशीनं.

आणि वेलाचं तर काही खरं नव्हतं. फुलं भरभरून येत, पण फुलामागचं बोटभर दोडकं पिवळं पडून गळून जाई. पोस्टातली नोकरी जन्मभर नेटकेपणानं केलेल्या माणसानं इथंही काही कमी केलं नव्हतं. खत वेळेवर, पाणी वेळेवर. कीड लागू नये म्हणून अख्ख्या मांडवाला मच्छरदाणी शिवून घेतली होती. वेल हरला तर माया पण हरेल, या धास्तीनं त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

मायाबाईंनी दोडके उलटेपालटे करून पाहिले.

"मले एक सांगा. हे वेलाले लटकून होते ना? मग यायले माती कशी लागली?"

प्रेमानंदांनी मान खाली घातली.

"मले पहिल्या दिवशीच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमी इतक्या हौसेनं आणून राहिले होते, म्हणून बोलली नाही."

मग प्रेमानंदांनी सगळं सांगून टाकलं, गळणारी फुलं आणि मच्छरदाणीसुद्धा. मायाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. याचे पराग तिकडे कोण नेईन? भुंगे, माशा, फुलपाखरंच ना? अन् तुमी त्यायलेच बाहेर ठेवलं!"

"मले कोणी सांगतलं काय, वं?"

"चला, दाखवते."

"कुठं?"

"वर."

सतरा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. पायरीपायरीवर त्या नवऱ्याला रागावत होत्या. तिच्या तोंडचं हे रागावणं किती दिवसांनी कानावर पडत होतं! प्रेमानंदांचे डोळे भरून आले, पण खांद्याला तिचा भार होता, पुसणार कसे?

ऊन उतरलं होतं आणि दोडक्याची पिवळी फुलं उमलायला लागली होती. त्यांनी बायकोला खुर्चीवर बसवलं, मच्छरदाणी गुंडाळून बाजूला टाकली आणि शेजारी स्टूल ओढलं. बराच वेळ कोणीच फिरकलं नाही. मग एक काळा भुंगा गुणगुणत आला आणि सवयीनं प्रेमानंदांचा हात त्याला हाकलायला उठला.

मायाबाईंनी तो हात वरच्या वरच धरला.

"राहू द्या त्याले."

भुंगा फुलात शिरला, पोटाला पिवळं माखून बाहेर आला आणि पलीकडच्या फुलावर जाऊन बसला. मायाबाई त्याच्याकडेच बघत होत्या. हात मात्र त्यांनी सोडला नाही.