जर्मनीमार्गे बिदर

स्नेहाला बिदरला जनावरांच्या डॉक्टरकीची जागा मिळाली आणि त्याच आठवड्यात पाय मोडून ती मादन हिप्परग्यात खाटेवर पडली. जागा त्या दिवशी दुपारी चारच्या आत इंटरनेटवर पक्की केली नाही तर दुसऱ्याला जाणार होती. गावात रेंज होती ती बोलण्यापुरतीच. म्हणून तिचे वडील उद्धवराव फोन घेऊन कलबुर्गीला निघाले. दिवसाचा दीड जीबी त्यांनी कुस्त्या बघण्यात आळंद यायच्या आत संपवला.

उरलं बसस्टँडचं फुकट वायफाय. त्यावर पासवर्ड चोरणारे टपलेले असतात, म्हणून लेकीनं परीक्षेच्या वेळीच अप्पांच्या फोनात फुकटातला व्हीपीएन घालून ठेवला होता. त्यानं आपण लिहिलेलं मधल्या कुणाला दिसत नाही म्हणे.

उद्धवरावांनी बटण दाबलं. केसांच्या तेलाची जाहिरात शेवटपर्यंत पाहिली. तुम्ही आता जर्मनीत आहात, असं फोननं कळवलं. समोर अफजलपूरची बस उभी होती.

मग पासवर्ड विचारायला त्यांनी स्नेहाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मोठा टी? टी का डी?" ते बसच्या हॉर्नवर आवाज चढवून म्हणाले. "टी! मग ए, एम, बी, आय. आपली तांबी व्हय? मग ॲट. मग दोन हजार पंधरा!"

"अप्पा, कामून वरडायलाव? हळू बोला की!"

"व्हीपीएन चालू हाय, भिऊ नको!"

पान उघडलं. तेवढ्यात फोन कटला, आणि फुकटातला व्हीपीएन अर्ध्या तासानं दम खातो तसा थांबला. पुन्हा जाहिरात, पुन्हा जर्मनी, पुन्हा पासवर्ड. चारला सात मिनिटं. स्नेहाचा फोन लागेना. उद्धवरावांना एकदम गाईचंसुद्धा नाव आठवेना.

"अण्णा, मोठा टी," शेजारून आवाज आला. करजगीच्या शरणम्मा पेरूची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "ए, एम, बी, आय. मग ॲट."

"दोन हजार पंधरा," मागच्या बाकावरच्या कंडक्टरनं पुरं केलं.

तीन अठ्ठावन्नला जागा पक्की झाली. शरणम्मांनी एक पेरू दिला आणि विचारलं, "तांबी दूध किती देती?"

"सकाळचं पाच लिटर," उद्धवराव अभिमानानं म्हणाले.

पेरू निम्मा झाला तेव्हा स्नेहाचा फोन आला. आधी ती रडली, मग हसली, मग तिला शंका आली. "अप्पा, पासवर्ड कुणाला दिसला न्हाई न्हवं?"

"दिसला कुणालाच न्हाई," उद्धवराव खरं तेच बोलले.

"तरी बदलून टाका."

"बदलू की. सांग नवा."

बाकावरचं बोलणं थांबलं. शरणम्मा टोपलीसकट थोड्या जवळ सरकल्या.